लाल क्रेट

बाबांना पक्षाघाताचा झटका आलाय हे आईने ओळखलं, कारण त्यांनी मल्होत्रा आंटींच्या उपम्याला बरं म्हटलं.

अगदी "बरं" असंही नाही. "चालेल" म्हणाले. पण बाबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता आणि आईनेही लग्नात ऐकला नव्हता. लग्नातली जिलबी बाबांनी पंगतीतून परत पाठवली होती. स्वतःच्या लग्नातली.

मल्होत्रा आंटी फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. महाराष्ट्र हा साउथमध्ये येतो आणि साउथवाल्यांना उपमा लागतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. म्हणून दर रविवारी त्या डबा घेऊन येतात. त्यांच्या उपम्यात मटार असतात, काजू असतात, मॅगी मसाला असतो आणि वरून आलू भुजिया असते. बाबा दर रविवारी एक चमचा खायचे, डबा बंद करायचे आणि म्हणायचे, "नहीं चलेगा." त्यात राग नसायचा. मीटर रीडिंग घेणारा माणूस मीटरवर रागावतो का? तसंच ते.

त्या रविवारी बाबांनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. आणि म्हणाले, "चालेल."

आंटींनी टाळ्या वाजवल्या. "देखा! आज पसंद आया भाईसाब को!"

आईच्या हातातली कढई ओट्यावर आदळली. "पसंद नहीं आया, झटका आया है!" ती ओरडली. "रसू, गाडी काढ!"

"आई, त्यांना आवडला असेल ना यार—"

"गाडी काढ म्हटलं ना!"

मी किल्ली शोधत होते तोवर बाबांच्या उजव्या हातातून चमचा पडला आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. म्हणजे रोग नंतर दिसला, निदान आधी झालं होतं.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरांनी आईला विचारलं, "माताजी, सबसे पहले क्या दिखा? चेहरा टेढ़ा? हाथ कमज़ोर?"

"वो बोले, चलेगा."

"किस बात पे?"

"उपमा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायला आम्ही वेळेत पोचलो होतो. म्हणजे बाबांचा मेंदू जेवढा वाचला तेवढा मॅगी मसाल्याने वाचला. हे आंटींना कळलंय आणि त्या कोणाला विसरू देत नाहीत.

आता बाबांबद्दल थोडं. नाव नरसिंह केळुस्कर. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचे प्रमुख. माल नापास करणं हे त्यांचं काम. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचे, दिवसभर नापास करायचे, संध्याकाळी त्याच बसने परत यायचे. माणसाने ऑफिसचं काम घरी आणू नये म्हणतात. बाबांनी क्रेट आणला होता.

त्यांच्या कारखान्यात पास झालेला माल निळ्या क्रेटमध्ये जातो आणि नापास झालेला लाल क्रेटमध्ये. लाल क्रेटमध्ये पडलेल्या वस्तूला बाबांना विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मालकानेही नाही. तसा एक लाल प्लॅस्टिकचा क्रेट आमच्या बाल्कनीत होता. त्यात कडू काकडी गेली, पहिल्या धुण्यात आटलेला शर्ट गेला, माझी नववीची चित्रकलेची वही गेली (शेतकऱ्याला दोन्ही हात डावे होते), आणि एकदा माझ्यासाठी आलेल्या एका मुलाची पत्रिका फोटोसकट गेली. निळा क्रेट घरात नव्हता. चांगलं ते चांगलं असायलाच हवं, त्याला वेगळा क्रेट कशाला, हे बाबांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडे कौतुक म्हणजे क्रेटमध्ये न जाणं. माझा बारावीचा निकाल क्रेटमध्ये गेला नाही तेव्हा आईने सोसायटीत पेढे वाटले.

असा हा माणूस हॉस्पिटलच्या पलंगावर पडून सगळ्याला चालेल म्हणत होता.

"पाणी हवंय?"

"चालेल."

"दुखतंय का?"

"चालेल."

"अंकल, आपका नाम क्या है?"

"चालेल."

न्यूरोच्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथे भाषा राहते, तिथे मार बसलाय. त्यांना समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येत नाहीत. काही पेशंटकडे एकच शब्द उरतो आणि तोच सगळीकडे चालवावा लागतो. "हमारे यहाँ एक सज्जन थे, उनके पास सिर्फ़ एक गाली बची थी. आप लोग लकी हैं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "शिवी परवडली असती. निदान ओळखीचे तरी वाटले असते."

पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "नरू, पाय कसा आहे रे तुझा?" आणि बाबांनी स्वतः उत्तर दिलं. यावर जो विनोद तुम्हाला आत्ता सुचलाय तो आत्याने त्याच क्षणी केला, आणि त्यानंतर प्रत्येक नातेवाइकाने स्वतःचा म्हणून केला. आपण पुढे जाऊ.

घरी आल्यावर बाबा फार लोकप्रिय झाले. ज्या माणसाने लिफ्टच्या आरशापासून होळीच्या थंडाईपर्यंत सगळ्यावर हरकत घेतली होती, त्याच्या भेटीला लोक संत्री घेऊन येऊ लागले. "कितने स्वीट हो गए हैं अंकल," ए ब्लॉकची मुलगी म्हणाली. तिच्या कुत्र्याला लिफ्टमध्ये बंदी आहे ती बाबांमुळे. सोसायटीचे अध्यक्ष येऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "केळुस्कर साब, वो टॉवर का कलर. आप तो अगेन्स्ट थे. पिंक करवा लें?"

"चालेल."

"चलेगा ना? पक्का?"

"चालेल."

आमची बिल्डिंग आता गुलाबी आहे. मेट्रोतून दिसते. आजाऱ्याची संमती घ्यायची असते, ती अशी घेतात.

आईनेही हात धुऊन घेतले, खोटं कशाला बोला. तिला वर्षानुवर्षं जांभळा सोफा हवा होता. बाबांनी तो दिल्लीच्या तीन मार्केटांत नापास केला होता. एकदा तर दुकानदाराच्या डोळ्यांदेखत सोफा उलटा करून त्याच्या पायाचा खिळा दाखवला होता. आता आईने मोबाइलवर फोटो दाखवला. "अहो, हा घेऊ का?"

"चालेल."

सोफा आला. आई त्यावर बसली, हात फिरवला, लोड आणि उश्या मांडल्या, पुन्हा मांडल्या. आठवडाभर ती खूश होती. मग एका दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर असताना ती सोफ्याच्या कडेला बसून रडताना दिसली. मी कॅमेरा बंद केला.

"काय झालं?"

"अगं, भांडायलाच कोणी नाही. जिंकून करू काय मी?"

मलाही गंमत करायची हुक्की आली होती, खरं सांगते. "बाबा," मी म्हटलं, "मी लग्न करतेय. मुलगा नोएडाचा आहे. टॅरो कार्डं वाचतो. सध्या नोकरी नाही, पण कार्डं म्हणतात की लागेल."

बाबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "चालेल."

असा मुलगा अस्तित्वात नव्हता. तरी मला वाईट वाटलं. ज्या बापाने तुमच्यासाठी आलेली चांगली पत्रिका क्रेटमध्ये टाकली, त्याने टॅरोवाल्याला पास करावं म्हणजे मग तुमची किंमत काय राहिली?

घरी दोघं यायचे. एक फिजिओ, दहिया नावाचा. रोहतकचा, हरियाणवी बोलणारा, कुस्ती सोडून या लाइनला आलेला. "जोर लगाओ ताऊजी! पैर मैं भैंस बाँध राखी सै के?" बाबा पाय जेवढा उचलला जायचा तेवढा उचलायचे. अर्ध्यावर थांबायचे. "चालेल." डायनिंग टेबलापर्यंत काठी टेकत जायचे, तिथली खुर्ची दिसली की बसायचे. "चालेल." उजव्या हाताने प्लॅस्टिकचे कोन एकावर एक ठेवायचे होते. मनोरा वाकडा व्हायचा, पडायचा, आणि बाबा पडलेल्या कोनांकडे बघून म्हणायचे, "चालेल." एकेकाळी हा माणूस पोळपाट हलतो म्हणून खाली कागदाची घडी सरकवायचा, आणि मग घडी सरळ नाही म्हणून ती बदलायचा.

दुसरी गुरलीन, स्पीच थेरपिस्ट. माझ्याच वयाची, हातात कडं, बॅगेत चित्रांची कार्डं. कार्डं हिंदीतली होती, म्हणून मराठीचं खातं माझ्याकडे आलं. मी दिल्लीत वाढलेली. सांडशीचं कार्ड दाखवून मी म्हटलं, "बाबा, हा काय? चिमटा." पूर्वी यावर अर्धा तास गेला असता. चिमटा वेगळा, सांडशी वेगळी, पक्कड वेगळी, आणि दिल्लीत राहिलं की माणूस तिन्ही गमावतो. आता "चालेल."

मीठवाला चहा मात्र कोणी मुद्दाम केला नव्हता. आईने साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा उघडला, एवढंच. मी एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. मागे वळून बघते तर बाबांनी कप रिकामा केला होता. चेहरा कोरा. ओठाला चहाचा थेंब.

"अहो!" आई म्हणाली. "खारट होता ना?"

"चालेल."

आईने तो कप हातात घेतला आणि तळाचा थेंब बोटाने चाखून बघितला. इतके दिवस आम्हाला वाटत होतं की बाबांच्या मनात "चालणार नाही" आहे आणि तोंडातून "चालेल" येतंय. त्या दिवशी कळलं की मनातही "चालेल"च आहे.

मी गुरलीनला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "देख यार, वर्ड्स मैं निकलवा लूँगी. टाइम लगेगा, पर निकलेंगे. लेकिन अंकल को चाहिए ही नहीं कुछ. जिसको कुछ बुरा नहीं लगता, उसको ठीक होने की जल्दी भी नहीं होती." डॉक्टरांशीही बोल, ती म्हणाली, झटक्यानंतर मनाला असं होतं, त्याचीही गोळी असते. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पण ही गोळी हळूहळू लागू होते म्हणाले, घरच्यांनीही हातभार लावा.

"हातभार म्हणजे?" आईने घरी आल्यावर विचारलं.

"म्हणजे बाबांना काहीतरी नावडायला हवं."

आईने पदर खोचला. "एवढंच ना?"

लोक आजाऱ्याचं मन रमवतात. आम्ही बाबांचं मन मोडायला बसलो. भिंतीवरच्या सगळ्या फ्रेम मी वाकड्या केल्या. गणपतीचीही, त्याची क्षमा मागून. आईने पुरणपोळी सेक्टरच्या हलवायाकडून आणवली. तिच्यात टूटीफ्रुटी होती. पोह्यांवर टोमॅटो सॉस आला. बाबांचे इस्त्रीचे शर्ट मी शाळेच्या दप्तरात कोंबतात तसे कोंबले. वर्तमानपत्राची पानं उलटसुलट लावून ठेवली. "बाबा, मला भूख लागली आहे, मी चाय बनवून पिती," असं मराठी मी सकाळ-संध्याकाळ बोलायला लागले, आणि भीतीची गोष्ट म्हणजे त्यासाठी फार प्रयत्न करावे लागले नाहीत. मल्होत्रा आंटींना विश्वासात घेतलं. त्यांनी उपम्यात पायनॅपल घातला. अपमान वाटू नये म्हणून आम्ही त्याला थेरपी म्हटलं.

"चालेल. चालेल. चालेल."

दहियाने सुचवलं की ताऊजींसमोर मोटर उघडून चुकीची जोडू का. जोडली. पाण्याची मोटर ती. दोन दिवस घरात पाणी नव्हतं. बाबा कोरड्या नळाकडे बघून म्हणाले, "चालेल."

शेवटी आईने ब्रह्मास्त्र काढलं. बाल्कनीतला लाल क्रेट झाडून पुसून त्यात कांदे-बटाटे भरले. बाबांच्या देखत. क्रेटमध्ये चांगला माल ठेवणं म्हणजे आमच्या घरात देव्हाऱ्यात चपला ठेवण्यासारखं होतं. एकेक बटाटा ठेवताना ती बाबांकडे बघायची. बाबा बघत राहिले. भरून झाल्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि काहीही म्हटलं नाही. चालेलसुद्धा नाही.

"संपलं गं," आई म्हणाली. "आता मला भीती वाटते."

आणि नेमकं त्या आठवड्यात कंपनीतून फोन आला की लोक भेटायला येतायत.

दोघं आले. एक एचआरच्या मॅडम, आणि एक सुजय. सुजय चिंचवडचा, बाबांच्या हाताखाली तयार झालेला. बाबांनी नापास केलेल्या मालाचा ढीग आठवून तो अजून झोपेत दचकतो, असं त्याची बायको सांगते. दोघं जांभळ्या सोफ्यावर बसले. बाबा समोरच्या खुर्चीत, मांडीवर उजवा हात. मल्होत्रा आंटी चहा घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत.

मॅडम गोड बोलत होत्या. कंपनीला सरांची काळजी आहे. सरांनी खूप दिलं. आता मानेसरचा प्रवास, ती बस, ते उभं राहणं. सरांनी आता आराम करावा. कंपनी सरांची जागा रोखून धरणार नाही, म्हणजे सरांना रोखून धरणार नाही. सगळं सन्मानाने होईल. म्हणून आज एक छोटासा फेअरवेल.

"और सर की भी यही इच्छा होगी," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "है ना सर?"

आई आणि मी एकाच वेळी उठलो. बाबांचं उत्तर अख्ख्या फरीदाबादला पाठ होतं. सोसायटीने गुलाबी रंग मारून घेतला होता, कंपनी आता उरलेला माणूस मागत होती. आणि तो "चालेल" म्हणणार होता. ती खुर्ची गेली की "परत कामावर" हे जे एक वाक्य आम्ही त्यांच्यासमोर दर सकाळी धरत होतो, गाजरासारखं, तेही गेलं.

"बिस्किट लीजिए!" आई मॅडमवर ओरडली.

"लेती हूँ ना," मॅडम म्हणाल्या. "सर?"

आईने माझा दंड धरला. कानाशी येऊन म्हणाली, "हे चालेल म्हणाले ना, तर मी माहेरी निघून जाईन."

"आई, तुझं माहेर मामाने पेइंग गेस्टांना भाड्याने दिलंय."

"पीजी आहे ना? राहीन त्यात."

बाबांनी तोंड उघडलं. सुजयने घाईघाईने पिशवीतून भेट काढली. बहुतेक त्यालाही ते उत्तर ऐकायचं नव्हतं. "सर, हे आम्ही टूल रूममध्ये बनवलंय. तुमच्या लाइनवरचा ब्रॅकेट." लाकडी पाटावर उभा केलेला, चकचकीत मुलामा दिलेला लोखंडी ब्रॅकेट. खाली इंग्रजीत कृतज्ञतेचं वाक्य कोरलेलं. सुजयने तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी डावा हात त्यावर ठेवला. ठेवायचा म्हणून. अंगठा कडेवरून फिरला, टोकापर्यंत गेला.

आणि मागे आला.

पुन्हा तिथून गेला. थांबला.

आता मी जे सांगते ते घाईने झालं नाही, पण मला घाईने आठवतं. बाबांच्या कपाळावर मध्यभागी एक उभी आठी पडली. ती आठी मला माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे असं वाटलं. त्यांनी ब्रॅकेट डोळ्यांजवळ नेला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला. धातू कापला की कडेला कधी कधी कुसळाएवढं टोक राहून जातं. कारखान्यात त्याला बर म्हणतात. ती घासून काढायची असते. ही राहिली होती.

"ना," बाबा म्हणाले.

मल्होत्रा आंटींच्या हातातली बशी वाजली.

"ना," बाबा पुन्हा म्हणाले. मान हलत होती, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, तोंडाचा उजवा कोपरा साथ देत नव्हता. "चाल… चाल…"

आईने डोळे मिटून घेतले.

"चालणार… ना… ही."

सुजय ताडकन उभा राहिला. टाच टाचेला लागली. "सॉरी सर! रीवर्कला घेतो सर!"

मॅडम घाबरल्या. "क्या हुआ? सर इमोशनल हो गए?"

"नहीं मॅडम," सुजय म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. "रिजेक्ट हो गया."

"क्या रिजेक्ट हो गया?"

"फेअरवेल."

बाबांनी काठी मागितली. म्हणजे काठीकडे बोट केलं आणि मला जरा उशीर झाला तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मी नववीत गेले. ब्रॅकेट माझ्या हातात देऊन ते उठले. डायनिंग टेबल आलं, तिथली खुर्ची आली, बाबा थांबले नाहीत. उजवा पाय फरशीवर घासत होता. मी पुढे झाले, तर आईने मला मागे ओढलं. "मध्ये तडमडू नकोस."

बाल्कनीत त्यांनी काठी कठड्याला टेकवली आणि डाव्या हाताने लाल क्रेट उलटा केला. कांदे-बटाटे सगळीकडे घरंगळले. एक बटाटा खाली गेला आणि ए ब्लॉकच्या कुत्र्याच्या जवळ पडला, तेही बहुधा जाणूनबुजूनच. मग बाबांनी क्रेट सरळ केला, हात मागे केला, आणि मागोमाग आलेल्या माझ्या हातून तो ब्रॅकेट घेऊन आत ठेवला.

"लाल," ते म्हणाले. सगळ्यांना समजलं पाहिजे म्हणून.

जायच्या वेळी मॅडमनी सुजयला विचारलं की मोमेंटो घेऊन जाऊ या का, घासून परत आणू. सुजय म्हणाला, लाल क्रेटमधली वस्तू सरांना विचारल्याशिवाय उचलता येत नाही. मॅडमनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "ना." मॅडम म्हणाल्या, मग फेअरवेलचं काय? सुजय म्हणाला, पीस होल्डवर आहे मॅडम, तोवर प्रोसेस पुढे जात नाही. हे सगळं तो गंभीरपणे बोलत होता. मॅडमनी ऑफिसला फोन लावला आणि लिफ्टमध्ये शिरताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "हाँ सर, क्वालिटी इश्यू है." लिफ्टमधली रेंज गेली.

सुजय दार ओढून घेताना मला म्हणाला, "एक सांगू? टूल रूमची पोरं बर काढत होती. मी म्हटलं, एवढी राहू दे."

"मुद्दाम?"

"सर आहेत का नाही, ते बघायचं होतं," तो म्हणाला आणि जिन्याने पळाला.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला सुधारणा म्हणतात. शब्द येऊ लागले, एकेक, अडखळत, आणि सगळे तक्रारीचे. वाकडं. कच्चं. गार. कोणी केलं? गुरलीनने कार्डं बॅगेत टाकली आणि बाबांसमोर मोडक्या वस्तू ठेवायला लागली. मल्होत्रा आंटींनी रविवारी पायनॅपल उपमा आणला. बाबांनी एक चमचा खाल्ला, डबा बंद केला. "न… हीं… चले… गा." आंटींनी त्यांचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला आणि जिन्यात जाऊन सगळ्या मजल्यांना ओरडून सांगितलं की भाईसाबांनी माझा उपमा नापास केला. बिल्डिंगच्या रंगाचा विषय निघू नये म्हणून अध्यक्ष आता आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आतच राहतात.

रोज असं नसतं. काही दिवशी बाबा पलंगावरून उठत नाहीत, तोंड भिंतीकडे करून पडतात. सिमेंटच्या जाहिरातीला त्यांना रडू फुटतं आणि थांबवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, तेही होतं. आई तेव्हा शेजारी बसून मटार सोलते.

परवा दहिया आलेला असताना बाबांची नजर सोफ्यावर गेली. पहिल्यांदाच नीट गेली असावी. ते कितीतरी वेळ त्या जांभळ्या रंगाकडे बघत राहिले.

"अहो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला पाठीलाही डोळे आहेत. "सांगून ठेवते, माझ्या सोफ्याला हात लावायचा नाही."

सोफा क्रेटमध्ये मावत नाही. बाबांनी डाव्या हाताने त्याची एक उशी उचलली, काठी टेकत बाल्कनीत गेले, क्रेटमधल्या ब्रॅकेटवर उशी टाकली. आई तरातरा आली, उशी काढून सोफ्यावर ठेवली. लाल क्रेटमधली वस्तू! न विचारता! बाबांनी ती पुन्हा नेऊन टाकली. आईने पुन्हा आणली. तिच्या गालावर इतक्या दिवसांनी रंग चढला होता. "तुमच्या आईने तरी कधी सोफा बघितला होता का?" ती म्हणाली, आणि मला कळलं की आमचं घर आता बऱ्यापैकी ठीक आहे.

दहिया हे सगळं बघत उभा होता. कुस्तीगिराला डाव कळतो. त्याने क्रेट बाल्कनीतून आणून बाबांच्या खुर्चीपासून थोडा दूर ठेवला आणि उशी बाबांच्या उजव्या हाताखाली दिली.

"ताऊजी, रिजेक्ट करना सै तो इस हाथ तै करो. उल्टे हाथ तै तो कोई भी कर ले."

बाबांनी उजव्या हाताकडे बघितलं. बोटं उशीच्या कापडावर हलली. वळली नाहीत, मग थोडी वळली. खांदा वर गेला, सगळं अंग वाकडं झालं, उशी मांडीवरून उठली, एक वीतभर गेली आणि क्रेटच्या अलीकडे फरशीवर पडली.

"वाह ताऊजी! के बात सै!" दहिया ओरडला. आईने टाळी वाजवली. उशी तिचीच होती, तरी. मी म्हटलं, "बाबा, मस्त! एकदम चालेल!"

बाबा उशीकडे बघत होते. कपाळावर आठी होती.

"ना… ही," ते आपल्या हाताला म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून, उशीकडे हनुवटी करून, "प… रत."